दिवा लागतो, पुढची चाके फिरत नाहीत: जुन्या फोर बाय फोरसोबतचे सोळा महिने

गेल्या जुलैत, ऐन लावणीच्या दिवसांत, भोर तालुक्यातील आमच्या शेताच्या वाटेवर गाडी बांधाला टेकून रुतली, तेव्हा डॅशबोर्डवरचा ‘फोर-एच’चा, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळत असल्याचा, दिवा अगदी निर्धास्तपणे जळत होता. मी त्या दिव्यावर विसंबून आणखी थोडा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी मागच्या बाजूने वीतभर खाली गेली. खाचरात लावणी करणारे शेजारचे नाना कंबर सरळ करून म्हणाले, “पुढची चाकं जागची हालंनात की!” सोळा महिन्यांच्या वापरात या गाडीविषयी मला मिळालेली सर्वांत अचूक माहिती ही होती, आणि ती गाडीने दिली नव्हती.

गाडी २००९ ची, डिझेल, दुसऱ्या मालकाकडून जून २०२३ मध्ये घेतलेली. इंजिन, बसण्याची जागा, मायलेज यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि मला त्यांबद्दल तक्रार नाही. मी ही गाडी घेतली ती शेवटच्या दीड किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यासाठी, म्हणजेच फोर बाय फोरसाठी, आणि म्हणून याच एका गोष्टीवर लिहितो आहे.

पहिल्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, नॉब ‘टू-एच’वरून (फक्त मागच्या चाकांना ताकद) ‘फोर-एच’वर फिरवला की दिवा लागण्याऐवजी लुकलुकू लागला. सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या गिअरपेटीची, शिफ्ट मोटर व तिचा कंट्रोल युनिट असे दोन्ही बदलण्याचे ४६,००० रुपये सांगितले. मोटर उघडून पाहिली का, असे विचारल्यावर ‘आमच्याकडे उघडत नाहीत, बदलतात’ असे उत्तर मिळाले. चौदा वर्षे जुन्या गाडीसाठी ४६,००० रुपये मोजणे माझ्या हिशेबात बसत नव्हते. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने मात्र ती मोटर अर्ध्या तासात उतरवली. आत गिअरची स्थिती कळवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या साफ केल्या, आणि महिनाभर सगळे ठीक चालले. पुढे मोटर पुन्हा रुसली, तेव्हा भंगार बाजारातून तशीच जुनी मोटर ६,५०० रुपयांना आणून बसवली. नॉब फिरवताच गाडीखालून ‘घर्र’ आवाज येई, दिवा लागे, आणि मी ओळखीच्या सर्वांना सांगत असे की चाळीस हजार वाचवले. ते मत आता मागे घेतो, किंवा निदान अर्धे तरी मागे घेतो.

दोष मोटरमध्ये होताच, पण तो दोनांपैकी एक होता. या गाडीत पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोहोचायला दोन सांधे जुळावे लागतात. पहिला ट्रान्सफर केसमध्ये, जिथे मोटर पुढचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) मागच्याशी जोडते. दुसरा पुढच्या दोन्ही चाकांच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, जिथे चाक आणि त्याला फिरवणारा ॲक्सल एकमेकांत अडकतात. जिप्सीच्या जमान्यात खाली उतरून हब हाताने फिरवावे लागत. माझ्या गाडीत ते काम व्हॅक्यूमवर होते: बोनेटखालचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) उघडला की रबरी नळ्यांतून हबमधली हवा ओढली जाते आणि हब लॉक होतो. दिवा मात्र फक्त मोटरची स्थिती दाखवतो. हब लॉक झाला की नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ज्या कोणी हा दिवा आखला, त्याने चालकाचा हुकूम आणि प्रत्यक्षात झालेले काम यांतला फरक विचारातच घेतला नव्हता, आणि या एका गोष्टीचा मला अजूनही गाडीच्या गंजापेक्षा जास्त राग येतो.

ट्रॅक्टरने गाडी ओढून काढल्यावर (त्याचे ८०० रुपये वेगळे) मिस्त्रीने आणि मी अंगणात सपाट जागी रविवारभर तपास केला. मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, पुढची दोन्ही चाके उचलून खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. इंजिन सुरू असताना फोर-एच लावले, मग इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली आणि पुढचा प्रोपेलर हाताने फिरवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही, म्हणजे ट्रान्सफर केस आणि भंगारातली मोटर निर्दोष ठरली. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन पुन्हा सुरू केले आणि चाक हाताने फिरवले. हब लॉक असता तर चाकाबरोबर आतला ॲक्सलही फिरला असता; इथे चाक एकटेच सायकलच्या चाकासारखे फिरत होते. डावे तसेच, उजवेही तसेच.

व्हॅक्यूम गेज लावल्यावर व्हॅक्यूम ओढणाऱ्या पंपापाशी २४ इंच (पाऱ्याचे) भरले, सोलेनॉइडच्या पुढेही तेवढेच, आणि चाकापाशी जेमतेम ६. मधली नळी एक्झॉस्टच्या जवळून जाते आणि वळणावर, क्लिपच्या आड, तिला नखाएवढी चीर पडली होती. बोट ठेवले की ‘स्स’ आवाज थांबे. नळीचे मीटरभर रबर १८० रुपयांना मिळाले. बदलताना ती एक्झॉस्टपासून चार बोटे दूर बांधून घेतली.

इथे माझीही चूक कबूल केली पाहिजे. याच पंपाचे व्हॅक्यूम ब्रेकच्या बूस्टरलाही (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागालाही) जाते. वर्षभर मला जाणवत होते की फोर-एच लावून उतारावर दोन-तीनदा लागोपाठ ब्रेक दाबला की पेडल किंचित कडक लागते. चिखलात पायाचा अंदाज चुकत असेल, असे समजून मी ते सोडून दिले. वास्तविक सोलेनॉइड उघडताच त्या चिरेतून सगळ्या यंत्रणेचे व्हॅक्यूम गळत होते. दिव्याने जे सांगितले नाही, ते ब्रेकचे पेडल सांगत होते. तुमच्याही गाडीत फोर-एचमध्ये पेडल बदलल्यासारखे वाटत असेल, तर मोटर राहू द्या, आधी नळ्या पाहा.

नळी बदलल्यावर डावा हब लगेच लॉक झाला. उजवा झाला नाही. हातपंपाने थेट हबवर १५ इंच ओढून पाहिले, तर डाव्याचा काटा पाच मिनिटे तिथेच राहिला आणि उजव्याचा अर्ध्या मिनिटात शून्यावर आला, म्हणजे आतले सील गेले आहे. हब उघडून जुने वाळलेले ग्रीस काढले, नवे थोडेसेच भरले, कारण व्हॅक्यूम हबमध्ये ग्रीस ठासून भरले तर सरकणारी रिंगच अडकते. आता इंजिन सुरू असेपर्यंत पंप गळतीवर मात करतो आणि उजवा हब लॉक होतो, पण आठ-दहा सेकंद उशिरा.

हाताने फिरवायचे हब बसवून घे, असा सल्ला अनेकांनी दिला. जोडीचे १४,००० रुपये सांगितले, आणि भर पावसात पॅन्ट वर दुमडून उतरण्याचा आनंद त्यात फुकट. मला पूर्वी हा सल्ला मागासलेला वाटे. आता तो शहाणपणाचा वाटतो, पण पैसे अजून काढवत नाहीत. त्याऐवजी हबच्या नळीला टी-जोड देऊन ४५० रुपयांचा छोटा व्हॅक्यूम गेज स्टिअरिंगच्या डावीकडे बसवला. तोही हब लॉक झाल्याची खात्री देत नाही, एवढेच सांगतो की तिथपर्यंत ओढ पोहोचते आहे. तरी नॉब फिरवल्यावर मी दिव्याकडे पाहत नाही, काट्याकडे पाहतो.

क्लचच्या स्विचची एक तक्रार राहिली. ‘फोर-एल’ (चारही चाके, कमी वेग पण जास्त जोर) लागण्यासाठी गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन, क्लच पूर्ण दाबावा लागतो, आणि त्या स्विचची पिन झिजली असेल तर पाय कितीही दाबला तरी गाडीला ते कळत नाही. वॉशर टाकून ते भागले. शिवाय गेल्या डिसेंबरात मी काटकसर म्हणून फक्त पुढचे दोन टायर नवे घातले होते. ती काटकसर महागात पडली, कारण मागचे टायर झिजून लहान झालेले, मध्ये डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक सामावून घेणारा गिअर) नाही, आणि फोर-एचमधून बाहेर पडताना सांधा ताणाखाली अडकून बसे. थोडे मागे घेतले की सुटे. डांबरी रस्त्यावर तर फोर-एचची चैन कधीच करू नये. महिन्यातून एकदा शेताच्या वाटेवर दोन किलोमीटर फोर-एचमध्ये चालवतो, म्हणजे मोटरच्या पट्ट्या आणि हबच्या रिंगा गंजून बसत नाहीत.

ऑक्टोबरात भात काढायला गेलो तेव्हा परतीचा पाऊस पडून गेला होता आणि वाट जुलैइतकीच वाईट होती. बांधाच्या अलीकडे थांबलो, नॉब फिरवला, काटा २० च्या वर चढेपर्यंत मनात दहा आकडे मोजले आणि मग क्लच सोडला. गाडी चढून गेली. उजव्या हबच्या सीलचे काम दिवाळीनंतर धरले आहे. मिस्त्री १,२०० म्हणतो, मी ९०० वर अडलो आहे.