लंडनऐवजी ब्रुसेल्स, आणि आयफेलचं कळसदर्शन

पंढरपुरात दर्शनाचे प्रकार असतात. रांगेत तासन्‌तास उभं राहून पायावर डोकं टेकवलं की पदस्पर्श दर्शन. लांबून नुसतं पाहिलं की मुखदर्शन. तेही जमलं नाही तर नामदेव पायरीशी उभं राहायचं, कळसाला हात जोडायचे आणि गाडी पकडायची. आमच्या अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात, त्यामुळे हे मला लहानपणापासून पाठ. तरी 'युरोप दर्शन' छापलेला कागद हातात आला तेव्हा यातलं कोणतं, हे विचारायचं सुचलं नाही. दोघांचे ४,३०,००० रुपये भरून आम्ही युरोपचं कळसदर्शन घेऊन आलो.

जानेवारी २०२३ मध्ये धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात सहल कंपनीने मेळावा भरवला होता. पडद्यावर आयफेल टॉवर लुकलुकत होता आणि शेवभाजीचं जेवण फुकट होतं. बोलणारा पोरगा पारोळ्याकडचा, मधूनमधून अहिराणीत घुसणारा. साडू कानात म्हणाले, "आपला गावना पोऱ्या शे, भो." झालं, तिथल्या तिथे पंचवीस हजारांचं टोकन दिलं.

कागदावर होतं: दहा दिवस, लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंड-रोम, एकाच व्हिसावर. मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे पुढचं लिहायला लाज वाटते. ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हाही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नव्हतं. शेंगेन व्हिसावर पॅरिस ते रोम खुशाल फिरा, लंडनला मात्र ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी, बोटांचे ठसे वेगळे. एप्रिलमध्ये फोन आला, "काका, ब्रिटनचा व्हिसा वेळेत होत नाहीये, बदल्यात ब्रुसेल्स देतो, लंडनपेक्षा भारी आहे." आम्ही बावीसच्या बावीस जण गप्प बसलो. विमानात बसल्यावर डोक्यात आलं की ठसे तर आपण मुंबईला एकदाच दिले, तेही फ्रान्सच्या व्हिसासाठी. म्हणजे ब्रिटनचा अर्ज भरलाच नव्हता.

सखाराम महाराजांची यात्रा आटोपली आणि ६ मेला निघालो. ब्रुसेल्सला बसमधून उतरवलं आणि एका गल्लीच्या कोपऱ्यावर नेलं. तिथे शू करणाऱ्या नागड्या पोराचा पितळी रंगाचा पुतळा, उंची जेमतेम ५५ सेंटिमीटर. अख्खी दुनिया त्याचा फोटो काढत होती. पुतळा प्रसिद्ध आहे, त्याला कपडे घालायची मोठी परंपरा आहे, आणि अस्सल पुतळा संग्रहालयात असून कोपऱ्यावरचा नकली आहे, हे सगळं गाइडने सांगितलं. आमची ही पर्स सावरत म्हणाली, "बिग बेनच्या बदल्यात हे?" हसू आलं, पण ते रडकंच. तिथला ग्रँड प्लास चौक खरोखर डोळे दिपवणारा आहे, नाही म्हणणार नाही. पण आम्ही पैसे लंडनचे भरले होते.

९ मे, मंगळवार, पॅरिस. लूव्हर संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडसमोर उतरलो तर दारं बंद. टूर मॅनेजर म्हणाला, "बॅड लक, आज बंद आहे." यात नशिबाचा काही संबंध नव्हता. लूव्हर दर मंगळवारी बंदच असतं. ज्याने कार्यक्रम आखला त्याने मंगळवार बघूनच आखला असणार, कारण बंद दाराचं तिकीट काढावं लागत नाही. मोनालिसा आमच्यापासून एका भिंतीपलीकडे होती आणि आम्ही पिरॅमिडचं टोक चिमटीत धरून फोटो काढत होतो.

आयफेलचं 'दर्शन' नदीपलीकडच्या त्रोकादेरोच्या कट्ट्यावरून. वर जायचं असेल तर माणशी ६० युरो, रोख, मॅनेजरच्या हातात. आम्ही दोघं नको म्हणालो आणि फिरत फिरत टॉवरखाली गेलो. तिकीटखिडकीवर थेट टोकापर्यंतच्या लिफ्टचा दर त्याच्या निम्म्याहून कमी होता. पण तोवर बस सुटायला चाळीस मिनिटं उरली होती आणि रांग दोन तासांची. 'पॅरिसमधलं' हॉटेल शहराबाहेर ३५ किलोमीटरवर, म्हणजे अंधार पडल्यावर दर तासाला टॉवर पाच मिनिटं चमचमतो तेही हुकलं. मेळाव्यात पडद्यावर पाहिलं होतं, तेवढंच.

स्वित्झर्लंडला टिटलिसच्या डोंगरावर मात्र खरंच नेलं, फिरत्या केबलकारने. बर्फ मिळाला. फ्लॉरेन्स-पिसा पळत पळत.

रोमला १४ मे, रविवार. एव्हाना मी शहाणा झालो होतो, आदल्या रात्रीच फोनवर वार तपासला. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी. सिस्टिन चॅपलचं मायकेलअँजेलोने रंगवलेलं छत त्या संग्रहालयांतूनच बघायला मिळतं. म्हणजे तेही गेलं. सेंट पीटर्सला प्रवेश फुकट, म्हणून तिथे सोडलं. कोलोसियम 'पॅनोरमिक', म्हणजे बसच्या खिडकीतून, आणि आम्ही उजव्या बाजूला बसलो होतो, तो डावीकडून गेला.

खरा दणका जुलैत बसला. परदेश सहलीवर तेव्हा ५ टक्के टीसीएस होता, म्हणजे कंपनीने आपल्याकडून घेऊन आपल्या नावावर सरकारात भरायचा कर. त्यापोटी त्यांनी २१,५०० वेगळे घेतले होते. "रिटर्नमध्ये परत मिळतात काका," असं सांगून. सीएने २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर किती कर जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता, उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझ्या पॅनवर त्यांच्याकडून एक रुपयाही जमा नव्हता. पावती मागितली तर माझ्याकडे होती ती साध्या कागदावरची, शिक्का मारलेली. धुळ्याला गेलो. कंपनीच्या ऑफिसच्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं लटकत होती.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. कंपनी धुळ्याची असली तरी २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बावीसपैकी आम्ही चौघंच गेलो. बाकीच्यांचं म्हणणं, फोटो तर छान आलेत, आता लोकांत हसू कशाला करून घ्यायचं.

कुणी असा कागद पुढे केला तर प्रत्येक ठिकाणापुढचा शब्द वाचा. 'प्रवेश तिकिटासह' लिहिलं नसेल तर आत नेणार नाहीत, असंच धरा. 'भेट', 'दर्शन', 'पॅनोरमिक' हे सगळे बाहेरून. तारखेपुढे वार लिहून मागा आणि ते ठिकाण त्या वारी उघडं आहे का ते स्वतः बघा. कोलोसियम, व्हॅटिकन, आयफेल यांची तिकिटं तारीख-वेळ घालून आधीच निघतात, तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी ती दाखवायला सांगा. आणि टीसीएस घेतला तर प्रमाणपत्र मागा, साध्या पावतीवर सोडू नका.

त्यांच्या वकिलाचं लेखी उत्तर आलंय. त्यात म्हटलंय की माहितीपत्रकात 'दर्शन' असं स्पष्ट नमूद होतं आणि तक्रारदारांना सर्व स्थळांचं दर्शन घडवण्यात आलं आहे. लंडनबद्दल त्यात अवाक्षर नाही.