मोबदला ठरतो तो मोजणीच्या दिवशी: भूसंपादन सल्लागारांच्या सेवेबद्दल

महामार्ग आमच्या गटातून आधीपासूनच जात होता. तो दुपदरी होता तोवर रस्त्याच्या अलीकडे घर आणि मोसंबी, पलीकडे विहीर, मधून जमिनीखालून पाइपलाइन, असं सगळं निभावून जात होतं. २०२२ च्या पावसाळ्यात चौपदरीकरणाची थ्री-ए अधिसूचना (जमीन घेण्याचा सरकारचा इरादा जाहीर करणारी) निघाली आणि आमचे ३१ गुंठे त्यात गेले. घरातले कागद मीच सांभाळते, त्यामुळे धावपळही माझ्याकडेच आली. ज्या दोघांनी या काळात आमचं काम पाहिलं त्यांच्या सेवेबद्दल हे लिहिते आहे. एक काका, निवृत्त भूकरमापक. दुसऱ्या वकील ताई, पस्तिशीच्या. जिल्ह्याच्या ठिकाणी दोघांचं मिळून एका खोलीचं ऑफिस आहे.

त्यांच्याकडे जाण्याआधी तीन माणसं आमच्या ओसरीवर येऊन चहा पिऊन गेली होती. एकाला मोबदल्याचे १० टक्के आणि मुखत्यारपत्रावर सही हवी होती. दुसरा म्हणाला, "वहिनी, साहेब आपल्या ओळखीचे आहेत, भाव बोलून घेऊ." तिसऱ्यानं कोऱ्या कागदावर अंगठे मागितले, तेव्हा सासऱ्यांनी त्याला उठवलं. गावातल्या काही जणांनी मात्र अशा कागदांवर सह्या केल्या, आणि आज त्यांचे धनादेश कुणाच्या हातात जाणार यावरून भांडणं सुरू आहेत.

काकांनी पहिल्याच भेटीत भाव बोलून घेण्याचा विषय संपवला. म्हणाले, "ताई, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात घासाघीस करायला जागा नाही. समृद्धीच्या वेळी थेट खरेदी होती. मोबदल्यावर २५ टक्के वाढवून द्यायचे आणि राजीखुशीनं खरेदीखत व्हायचं. इथं सक्षम प्राधिकारी, म्हणजे सरकारनं नेमलेला अधिकारी, निवाडा करतो, म्हणजे मोबदला ठरवतो. त्याच्यापुढं तुमचा आवाज चालत नाही, तुमचा कागद चालतो. आणि तो कागद मोजणीच्या दिवशी तयार होतो."

मग ताईंनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं मोबदल्याचं गणित १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या जमिनींनाही लागू आहे. जमिनीचा बाजारभाव धरायचा, तोही थ्री-ए अधिसूचनेच्या तारखेचा. ग्रामीण भागात त्याला १ ते २ च्या मधला, सरकारनं ठरवलेला गुणांक लावायचा. त्यात झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवायची. जी बेरीज येईल तेवढीच रक्कम पुन्हा दिलासा म्हणून द्यायची, म्हणजे १०० टक्के. शिवाय बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तिथपर्यंत, वर्षाला १२ टक्के. उदाहरण म्हणून त्यांनी जमीन १० लाखांची, गुणांक १ आणि झाडं-विहीर ३ लाखांची धरली. बेरीज १३, दिलासा १३, एकूण २६ लाख, आणि वर १० लाखांवरचे १२ टक्के वेगळे. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मोजणीच्या पत्रकातून एक लाखाची झाडं सुटली तर तुमचे दोन लाख गेले." ते वाक्य मी त्या पानावर लिहून ठेवलं, अजून तसंच आहे.

संयुक्त मोजणीच्या आदल्या दिवशी काका स्वतः शेतात आले. वय सत्तरीला टेकलेलं, पण बांधाबांधानं फिरले. प्रत्येक मोसंबीच्या खोडावर गेरूनं नंबर टाकायला लावले आणि शेजारी मला उभं करून तारीख नि ठिकाण उमटेल असे फोटो काढून घेतले. पट्ट्यात येणारी झाडं ४६ भरली, सगळी नऊ वर्षांची, ऐन बहरातली. बांधावरचे चार कडुनिंब आणि एक बाभूळ मी मोजतच नव्हते. ते म्हणाले, "ही वन विभागाच्या मूल्यांकनात जातात, फळझाडं कृषी अधिकाऱ्याकडे, बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तिन्हीकडे आकडा या एकाच पत्रकातून जाणार आहे."

दुसऱ्या दिवशी मोजणीची मंडळी आली आणि तासाभरात आटोपून निघाली. पत्रकात झाडं २८. जमिनीपुढं शेरा "जिरायत". पाण्याच्या साधनाचा रकाना मोकळा. यात आमचीही चूक होती आणि ती काकांनी तोंडावर सांगितली. ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हा भाऊजी म्हणाले होते की नंतर करू, आणि दोन हंगाम नोंद राहून गेली. सात-बाराच्या खालच्या भागात, गाव नमुना बारामध्ये, मोसंबीचा उल्लेखच नव्हता. नऊ वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग सरकारच्या कागदावर नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

या सेवेचे पैसे वसूल झाले ते यानंतरच्या आठ दिवसांत. काकांनी पत्रकावर सही करण्यापूर्वी आमच्याकडून एक ओळ लिहून घेतली की झाडांची संख्या आणि जमिनीचा प्रकार मान्य नाही. मग दुरुस्तीचा अर्ज, सोबत नंबर घातलेल्या झाडांचे फोटो, कलमं घेतली त्या रोपवाटिकेची जुनी पावती, ठिबकच्या अनुदानाचा कागद, कृषिपंपाची वीजबिलं. कागद माझ्याच पत्र्याच्या पेटीत होते, पण ते या कामी येतात हे मला ठाऊक नव्हतं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काका ऑफिसातून हलले नाहीत. कारकून म्हणाला, "ठेवून जा, बघतो." काका खुर्ची ओढून बसले. "पोच द्या, मग जातो." पावणेदोन तास बसले. पुढे फेरतपासणी झाली. ४६ झाडं धरली गेली, बांधावरची पाचही आली आणि जमीन बागायत म्हणून नोंदली गेली.

बाजारभावाच्या पुराव्याचं काम ताईंचं. कायद्यानुसार मुद्रांक शुल्काचा म्हणजे रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी, यांतला जो जास्त तो धरतात. सरासरीसाठी मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं बघायची आणि त्यातली जास्त किमतीची निम्मी घ्यायची. आमच्या आणि शेजारच्या गावची मिळून अकरा खरेदीखतं त्यांनी इंडेक्स-टूवरून, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखतांच्या सरकारी नोंदीवरून काढली. मी म्हटलं, चढ्या भावाची तेवढीच तीन लावा. त्यांनी ऐकलं नाही. "सगळी लावू. लपवलेलं एक सापडलं की बाकीच्या दहांवरचा विश्वास जातो." तेव्हा राग आला होता, आज वाटतं त्यांचं बरोबर होतं. एक गोष्ट मात्र मनाला लागली. मुद्रांक वाचवायला आपलीच माणसं खरेदीखतात कमी किंमत लिहितात, आणि तीच लिहिलेली किंमत साऱ्या गावाच्या मोबदल्याला खाली ओढते. अकरापैकी दोन खतं आमच्याच भावकीतली होती. खरा व्यवहार कितीचा झाला हे मला माहीत होतं, पण तो कुठल्याच कागदावर नव्हता.

घरातला तिढा वेगळाच होता. आजेसासऱ्यांनंतर वारसनोंदीत सासऱ्यांबरोबर दोन आत्यांची नावं लागली होती, आणि पुढे हक्कसोड झालेलीच नव्हती. वाटणीबद्दल वाद उभा राहिला तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवलं जातं, आणि निकाल लागेपर्यंत रक्कम तिथंच अडकते. गावातल्या एका घराचं तसंच झालंय. भाऊजींचं म्हणणं होतं की आत्यांना बोलावून सह्या घ्याव्यात आणि साडीचोळी करावी. मला ते पटत नव्हतं, पण घरात बोलायचं कसं? ताईंनी दोघींना समोर बसवून तोच हिशोब मांडून दाखवला. धाकट्या आत्यांना विचारलं, "आत्याबाई, तुमचा हिस्सा किती होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं का?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आजवर सही कुठं करायची तेवढंच सांगितलं गं पोरी." दोघींनी विहिरीचा आणि घराचा भाग सोडला, जमिनीच्या मोबदल्यातला हिस्सा घेतला, तसं संमतीपत्र झालं. रक्कम थेट त्यांच्या खात्यात गेली. कुणी त्यांना हिशोब दाखवला म्हणूनच हे शांतपणे पार पडलं.

पैशांचं सांगते. शेतातली पाहणी, अर्ज आणि दाव्याची फाइल मिळून १५ हजार घेतले, पावती दिली. लवादाच्या, म्हणजे निवाडा मान्य नसेल तर दाद मागायच्या टप्प्याची फी ठरावीक, दोन हप्त्यांत. मोबदल्याची टक्केवारी मागितली नाही. ताई म्हणाल्या की निकालावर अवलंबून फी ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनुसार चालतच नाही. टक्केवारी मागणारा वकील दारात आला तर हे लक्षात ठेवा.

आता उणिवा, कारण त्याही खऱ्या आहेत.

पहिली आणि मोठी म्हणजे पाइपलाइन. जमिनीखालची अडीच इंची लाइन विहिरीपासून बागेपर्यंत रस्ता ओलांडून येते. दिसत नाही म्हणून काकांनी ती पत्रकात घ्यायला सांगितली नाही, आणि मलाही सुचलं नाही. दुरुस्तीच्या अर्जातही ती राहिली. ज्या माणसानं बांधावरची बाभूळ सोडली नाही त्याच्या हातून लाइन सुटली, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण पुढचा अर्ज त्यांनी पैसे न घेता केला. पण निवाड्यात लाइनचा एक रुपया आला नाही.

दुसरी, २१ दिवसांची मुदत. थ्री-ए प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत थ्री-सीखाली लेखी हरकत घेता येते. आम्ही त्यांच्याकडे उशिरा गेलो, तेव्हा पाच दिवस उरले होते. मनात आणलं असतं तर पाच दिवसांत अर्ज झाला असता. ते म्हणाले, हरकतीनं रस्ता वळत नसतो. मान्य आहे, पण "विहीर पलीकडे राहते, रस्त्याखालून पाइप न्यायला वाट ठेवा" एवढं त्याच टप्प्यावर नोंदवायला हवं होतं असं मला आजही वाटतं. थ्री-डी, म्हणजे संपादनाची घोषणा, झाल्यावर जमीन केंद्र सरकारच्या नावे होते, आणि मग शेतकऱ्याच्या म्हणण्याला कुणी कान देत नाही.

तिसरी उणीव फोनची. काका दुपारी फोन घेत नाहीत, ताई सुनावणीत असतात, आणि मधल्या काळात काय चाललंय ते सांगणारं तिसरं कुणी ऑफिसात नाही. निवाड्यानंतर दोन महिने मी नुसती वाट बघत होते. शेतकऱ्याच्या घरात ते दोन महिने कसे जातात ते वेगळं सांगायला नको.

निवाडा आला तो पहिल्या पत्रकावरून आला असता त्यापेक्षा बराच चांगला, पण आमच्या मागणीपेक्षा कमी. रक्कम उचलताना ताईंनी "हक्क राखून" असं लिहायला लावलं आणि वाढीव मोबदल्यासाठी थ्री-जी (५) खाली लवादाकडे अर्ज केला. लवाद म्हणजेही सरकारनं नेमलेला अधिकारीच. तिथं वाढ मिळाली तर वाढीव रकमेवर ताब्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज देण्याची तरतूद आहे. बाजारभावाबरोबर आमची मुख्य मागणी तुकड्याबद्दल आहे. रस्त्याच्या पलीकडे सात गुंठ्यांचा त्रिकोणी तुकडा आणि त्यात विहीर, असं उरलं आहे. जमीन तुटल्यानं उरलेल्या जमिनीचं होणारं नुकसान विचारात घ्यायचं, असं कायद्यातच लिहिलंय. निवाड्यात त्यावर एक शब्द नाही.

एक माहिती मला त्यांच्याच ऑफिसात मिळाली, ती इतरांच्याही कामी येईल. माझ्या माहेरची जमीन २०१५ च्या आधी महामार्गात गेली, तेव्हा दिलासा रक्कम दिलीच नव्हती, कारण महामार्ग कायद्यात ती लागू होत नाही असं कलम होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात तो भेद घटनाबाह्य ठरवला. माझे वडील दहा वर्षं समजत होते की विषय संपला. आता त्यांची फाइलही ताईंकडे आहे.

ज्यांच्या गटात नुकतेच खांब रोवलेत त्यांनी या दोघांसारख्या माणसांकडे मोजणीच्या आधी जावं, निवाडा हातात आल्यावर नव्हे. जाताना सात-बारा, आठ-अ, फेरफार, वीजबिलं, रोपांच्या पावत्या न्या, आणि जमिनीखाली जे काही पुरलंय ते आपण होऊन सांगा. टक्केवारी न मागणारी, पोच घेतल्याशिवाय न उठणारी, बायकांनाही हिशोब दाखवणारी माणसं आहेत. मी पाचपैकी चार तारे देते. पाचवा पाइपलाइनसाठी राखून ठेवला आहे.

पुढची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. काकांनी यावेळी मजूर लावून बागेकडची लाइन दोन जागी उघडी करायला सांगितली आहे, फोटो काढायला ते स्वतः येणार आहेत.