तळपायाच्या गाठी आणि पाचपाखाडीतील एक दवाखाना

गेल्या श्रावणात माझ्या उजव्या तळपायाच्या कमानीत वाटाण्याएवढी कडक गाठ हाताला लागली आणि दिवाळीपर्यंत तिच्या शेजारी दुसरी, थोडी लहान गाठ उमटली. मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. दिवसाला पाच तासिका फळ्यासमोर उभे राहायचे आणि चरईतील घरापासून शाळेपर्यंत चालत जायचे, हा माझा रोजचा क्रम असल्यामुळे पायाचे दुखणे मला अंगावर काढण्यासारखे नव्हते. या गाठींवर शस्त्रक्रिया करावी की करू नये, हे ठरवण्यासाठी मी पाचपाखाडीतील ज्या दवाखान्यात गेले, त्याच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. दवाखान्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि एका रुग्णाच्या अनुभवावर कोणाचा लौकिक तोलला जाऊ नये, असे मला वाटते.

तेथे पोहोचण्याआधी दोन चुकीची वळणे झाली. पहिले घरातच झाले. सासूबाईंना ते कुरूप वाटले आणि त्यांनी मायेने मेडिकलमधून कॉर्न कॅप आणवली. कुरूप कातडीत असते आणि त्यावरची त्वचा जाड, राठ होते. माझ्या गाठीवरची कातडी मात्र मऊच होती आणि गाठ आत, खोल घट्ट बसलेली होती. कॉर्न कॅपमध्ये कातडी झिजवणारे सॅलिसिलिक आम्ल असते आणि मला मधुमेह आहे. मधुमेह असणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने लावणे धोक्याचे आहे, हे मला नंतर कळले. तीन दिवसांत कातडी सोलवटली आणि गाठ होती तेथेच राहिली.

दुसरे वळण घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या रुग्णालयात आले. तेथील शल्यचिकित्सकांनी सोनोग्राफीचा अहवाल पाहिला, गाठ साधी असल्याचे सांगितले आणि पुढच्याच आठवड्याची तारीख देऊ केली. “छोटेसे ऑपरेशन आहे, सकाळी या, संध्याकाळी घरी जा,” हे त्यांचे वाक्य मला तेव्हा दिलासा देणारे वाटले. विम्याच्या कॅशलेस मंजुरीचे अर्जही भरून झाले. परंतु गाठ पुन्हा येऊ शकते का, किती दिवस पाय टेकवता येणार नाही आणि माझ्या साखरेचे काय, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख त्या भेटीत झाला नाही. मीही विचारले नाही. घरी आल्यावर यजमानांनी हेच प्रश्न मला विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून केवळ पाय आणि घोट्याच्याच तक्रारी पाहणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे दुसरे मत घ्यायचे आम्ही ठरवले.

पाचपाखाडीतील त्या डॉक्टरांनी मला पस्तीस मिनिटे दिली. त्यांनी आधी दोन्ही पाय उघडे ठेवून मला उभे केले, चालायला लावले आणि मग खुर्चीवर बसवून पायाची बोटे वर ताणली. तसे केल्यावर तळव्यातील जाड पट्टा ताठ झाला आणि दोन्ही गाठी त्याच पट्ट्यावर असल्याचे माझ्या बोटांनाही जाणवले. हा पट्टा, म्हणजे प्लान्टार फॅशिया, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जातो आणि पायाची कमान तोलून धरतो. पूर्वी कधी पायात काटा किंवा काच गेली होती का, हेही त्यांनी विचारले, कारण तशा जखमेनंतर कातडीचा अंश आत अडकूनही गाठ तयार होते. त्यानंतर त्यांनी माझे दोन्ही हात टेबलावर सपाट टेकवून पाहिले. पायाचा आजार आणि हातांची तपासणी यांचा संबंध मला लागेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की, तळहाताच्या पट्ट्यातही अशाच गाठी येऊन बोटे आत वाकतात. त्या विकाराला फ्रेंच शल्यविशारद द्यूपुइत्रां यांचे नाव आहे, तर तळपायाच्या या गाठींना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे वर्णन करणारे जर्मन शल्यविशारद लेडरहोज यांचे. हे दोन्ही विकार काही रुग्णांत एकत्र आढळतात. माझे हात ठीक निघाले.

सोनोग्राफीत मोठी गाठ १४ मिलिमीटर आणि लहान ८ मिलिमीटर होती. पट्ट्यातील तंतू बनवणाऱ्या पेशी अकारण वाढून या गाठी होतात. त्या कर्करोगाच्या नसतात आणि शरीरात इतरत्र पसरत नाहीत. बऱ्याचदा काही काळ वाढून त्या आपणहून थांबतात. एमआरआय करायलाच हवा का, या माझ्या प्रश्नावर डॉक्टरांनी सांगितले की, गाठ भराभर वाढली, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा स्नायूंच्या खोलीत शिरलेली वाटली, तर तो लगेच करायचा आणि गरज पडल्यास तुकडा तपासायचा, कारण क्वचित एखादी घातक गाठ अशीच दिसू शकते. माझ्या बाबतीत यांपैकी काहीही नसल्यामुळे त्यांनी तो करायला लावला नाही. अनावश्यक तपासणी टाळणारे डॉक्टर मला नेहमीच विश्वासार्ह वाटत आले आहेत.

शस्त्रक्रियेविषयी त्यांनी जे सांगितले, त्यासाठी मी या दवाखान्याची खरोखर ऋणी आहे. “फक्त गाठ तेवढी काढली, तर निम्म्याहून अधिक लोकांत ती पुन्हा येते, आणि परत आलेली गाठ पहिलीपेक्षा त्रासदायक असू शकते,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ती शक्यता कमी करायची तर गाठीभोवतीचा निरोगी पट्टाही बराचसा काढावा लागतो, आणि मग कमान बसण्याची, आतल्या बाजूच्या नसेला इजा होऊन बोटांकडचा भाग बधिर होण्याची किंवा तळव्यावर दुखरा व्रण राहण्याची जोखीम वाढते. जखम तळपायाची असल्यामुळे दोन ते तीन आठवडे त्या पायावर भार देता येत नाही, आणि मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तेव्हा ७.८ होती, शस्त्रक्रिया करायचीच ठरली तरी आधी ती खाली आणावी लागेल, असे ते म्हणाले. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याची गोष्ट खरीच होती, पण त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात कसे काढायचे, याचा विचार मी त्या दिवशी प्रथमच केला.

इतर उपायही त्यांनी मांडले. गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास ती मऊ पडून वेदना कमी होतात, परंतु परिणाम बहुधा तात्पुरता असतो, वारंवार दिल्यास पट्टा फाटण्याचा किंवा तळव्याची चरबी झिजण्याचा धोका असतो आणि मधुमेहात साखर काही दिवस चढते. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये सुरुवातीच्या, वाढत्या अवस्थेतील गाठींना किरणोपचार देतात. पाच दिवसांचा एक फेरा, मग काही आठवड्यांची विश्रांती आणि पुन्हा पाच दिवसांचा दुसरा फेरा, अशी त्याची साधारण पद्धत आहे. साध्या गाठीसाठी किरणोपचार घेणे माझ्या मनाला पटले नाही, आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही.

त्यानंतर त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आधी कोणीच विचारला नव्हता: “बाई, या गाठींमुळे तुम्हाला नेमके काय करता येत नाही?” मी उत्तर देऊ लागले आणि अडखळले. गाठ हाताला लागते याचीच मला अधिक भीती होती. दुखण्याचा हिशेब मी ठेवलाच नव्हता. त्यांनी सहा आठवडे एका वहीत रोज लिहायला सांगितले: किती वेळ उभी राहिले, कोणती पादत्राणे घातली, दुखणे दहापैकी किती होते आणि दुखण्यामुळे कोणते काम सोडावे लागले. त्याच काळात पोटऱ्या आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, एमसीआर म्हणजे मऊ, सच्छिद्र रबराची चप्पल आणि शाळेच्या बुटांसाठी गाठींच्या जागी खळगा कोरलेले इनसोल वापरायचे ठरले.

वहीने पुष्कळ स्पष्ट केले. पहिल्या आठवड्यात दुखणे सहा-सात होते, पण ते प्रामुख्याने पातळ तळाच्या चपला घातलेल्या दिवशी आणि घरातल्या फरशीवर अनवाणी वावरताना होते. सहाव्या आठवड्यात ते दोन-तीनवर आले. एकही तासिका सोडावी लागली नव्हती आणि संध्याकाळची तलावपाळीची फेरीही पुन्हा सुरू झाली होती. गाठी मात्र तेवढ्याच होत्या. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली आणि शस्त्रक्रिया आता करू नये असे स्वतःचे मत सांगूनही निर्णय माझ्यावर सोपवला. मी तो पुढे ढकलला आहे. चालणे अडले, रात्री दुखू लागले किंवा गाठ वाढू लागली, तर पुन्हा विचार करायचा, हे आम्ही दोघांनी मिळून केसपेपरवर लिहून घेतले.

आता तक्रारी. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला आहे. जेथे येणारा प्रत्येक रुग्ण पायाच्या दुखण्याने येतो, तेथे ही अडचण मला फार गंभीर वाटते. माझ्यासमोर घोट्याला प्लॅस्टर असलेल्या एका आजोबांना त्यांचा नातू आणि कंपाउंडर दोघांनी धरून वर आणले. वेळ घेऊन गेले असताना पहिल्या दिवशी मला एक तास चाळीस मिनिटे थांबावे लागले. डॉक्टर प्रत्येकाला भरपूर वेळ देतात, त्यामुळे उशीर होतो हे मी समजू शकते, परंतु तो गृहीत धरून वेळा द्यायला हव्यात. इनसोल बनवणारा कारागीर बाहेरचा आहे. आठ दिवसांचे सांगून त्याने एकोणीस दिवस लावले आणि पहिल्या जोडीत खळगा अर्धा सेंटिमीटर पुढे कोरलेला होता, त्यामुळे गाठ नेमकी खळग्याच्या कडेवर टेकत होती. दवाखान्याने ती जोडी विनामूल्य बदलून दिली, हे खरे. पण माझ्या सहा आठवड्यांपैकी जवळजवळ तीन आठवडे त्यात गेले. पहिल्या तपासणीचे १,२०० रुपये, फेरतपासणीचे ७०० आणि इनसोलचे ४,५०० रुपये लागले. इनसोलची रक्कम मला जास्त वाटली, तपासणीची नाही.

स्वागतकक्षातील मुलीचा येथे उल्लेख करायला हवा. “काकू, रोज घालता ती चप्पल आणि शाळेचे बूट दोन्ही पिशवीत घेऊन या,” असे तिने फोनवर सांगितले नसते, तर डॉक्टरांना माझ्या बुटांची आतल्या बाजूने झिजलेली टाच दिसलीच नसती. तेथे जाणाऱ्यांनी जुने अहवाल आणि साखरेची ताजी चाचणीही सोबत ठेवावी. शनिवार टाळावा, त्या दिवशी कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्या रुग्णांची फार गर्दी असते.

माझी पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आहे. एचबीए१सी आता ७.१ आहे आणि वही मी अजून चालू ठेवली आहे, मात्र रोज न लिहिता दर रविवारी लिहिते. जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवावा, अशी लेखी विनंती मी मागच्या भेटीत स्वागतकक्षात दिली आहे. फेरतपासणीला जाईन तेव्हा तो बसलेला दिसला, तर या अभिप्रायात तशी दुरुस्ती करीन.