हाताच्या उपचारासाठी सोलापुरात कोणाकडे जावे : दोन थेरपिस्ट, दोन वाटा

बोटाचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटल्यावर ते जोडण्याची शस्त्रक्रिया झाली की सर्जन पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी "आता फिजिओ चालू करा" एवढे सांगतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. कोणाकडे चालू करायचे हे घरच्यांनी ठरवायचे असते आणि घरचे सहसा जवळचे, गाडी लावायला जागा असलेले क्लिनिक निवडतात. कंबर किंवा गुडघा असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. हाताच्या बाबतीत मात्र समोरच्या थेरपिस्टने आजवरची वर्षे कोणत्या कामात घालवली आहेत, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे. माझ्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी पत्र्याने आतल्या बाजूने कापली गेली होती. त्यानंतर सोलापुरातल्या दोन थेरपिस्टांकडे मी उपचार घेतले. एक फिजिओथेरपिस्ट सर, दुसऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी उपचार करणाऱ्या, मॅडम. दोघेही नोंदणीकृत, दोघेही आपापल्या कामात प्रामाणिक. त्यामुळे पुढील मजकूर तक्रार म्हणून न वाचता निवड करणाऱ्याला उपयोगी पडावा म्हणून वाचावा.

पदव्यांबाबत आपल्याकडे एक गैरसमज आहे, तो आधी बाजूला करतो. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काहीतरी दुय्यम, लहान मुलांसाठीचे खेळ, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्रात दोन्ही पदव्यांचा अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा राहिला आहे आणि दोघांचीही नोंदणी 2002 च्या कायद्याने स्थापन झालेल्या एकाच राज्य परिषदेत होत आली आहे. हाताचे पुनर्वसन हे क्षेत्र जगभर या दोन्ही शाखांचे सामायिक मानले जाते. अमेरिकेत हाताच्या थेरपिस्टला प्रमाणपत्र परीक्षेला बसायचे असेल, तर पदवीनंतर किमान 3 वर्षे आणि प्रत्यक्ष हाताच्या रुग्णांवर 4000 तासांचे काम दाखवावे लागते. उमेदवार फिजिओथेरपीचा आहे की ऑक्युपेशनल थेरपीचा, याने फरक पडत नाही. मी पाहिलेल्या दोघांपैकी कोणाकडेही ते प्रमाणपत्र नाही, आणि सोलापुरात त्याची अपेक्षा धरणेही योग्य नाही. पण त्या अटीमागचा विचार मला पटला. "किती वर्षे प्रॅक्टिस?" या प्रश्नाऐवजी "त्यातली किती हातावर?" असे विचारले, तर उत्तर पुष्कळ स्पष्ट मिळते.

सरांचे उत्तर मोकळे होते. त्यांनी फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण अस्थिरोगाच्या अंगाने घेतले, अनेक वर्षे ऑर्थोपेडिक रुग्णालयांशी जोडलेले राहिले, आणि दिवसभरात त्यांच्याकडे येणाऱ्यांत गुडघे, पाठ, मान आणि खांदे यांचाच भरणा असतो. हाताचे रुग्ण येतात, बहुतेक मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरचे. क्लिनिक प्रशस्त आहे, वॅक्स बाथ, अल्ट्रासाउंड, टेन्स अशी सगळी सामग्री आहे आणि हाताखाली तरुण थेरपिस्ट आहेत. सरांची नजर तयार आहे हे पहिल्याच दिवशी कळले. हात गळ्यात अडकवून वावरताना माझा खांदा आखडू लागला होता. ते त्यांनी मी सांगण्याआधी ओळखले आणि खांदा व कोपर यांचे व्यायाम त्याच दिवशी सुरू केले. पन्नाशीपुढच्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. बोट सुधारले आणि खांदा कायमचा धरला, असे पेशंट मी त्याच बाकावर पाहिले आहेत.

मॅडमची वाट निराळी. शिक्षण मुंबईचे. या शाखेची पाळेमुळेही तिकडचीच आहेत. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या सूनबाई झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली होती. पदवीनंतर मॅडमनी एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात काम केले, मग काही वर्षे कुष्ठरोग्यांच्या प्रकल्पावर, आणि लग्नानंतर सोलापूर. कुष्ठरोगाचा भाग ऐकून आधी मला त्याचा माझ्या बोटांशी संबंध लागेना. नंतर लागला. भारतात हाताच्या शस्त्रक्रियेचे मोठे काम वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवरच सुरू केले. एका स्नायूचे टेंडन काढून दुसऱ्या जागी जोडायचे आणि मग त्या स्नायूला नवे काम शिकवायचे, ही ती पद्धत. यातला दुसरा अर्धा भाग थेरपिस्टचा असतो. ज्या व्यक्तीने बधिर, वाकड्या बोटांना वर्षानुवर्षे हालचाल शिकवली आहे, तिला जोडलेल्या टेंडनवर नेमका किती ताण टाकायचा याचा अंदाज हाताने येतो. निदान मला तसे जाणवले.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला, तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे स्प्लिंट, हात ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा.

माझे टेंडन जिथे तुटले होते तो तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग अवघड समजला जातो, कारण तिथे बोट वाकवणारी दोन्ही टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात. हालचाल केली नाही तर ती नळीला आणि एकमेकांना चिकटतात; जोर लावून मूठ वळली तर शिवण तुटते. म्हणून हाताच्या पाठीमागून बसणारा स्प्लिंट साधारण सहा आठवडे घालावा लागतो. त्यात मनगट आणि बोटांच्या मुळांचे सांधे वाकलेले राहतात. बोट दुसऱ्या हाताने वाकवायचे आणि स्वतःच्या बळाने स्प्लिंटला टेकेपर्यंत सरळ करायचे, तेही दिवसभर, तासातासाने. अर्थात, हा स्प्लिंट नीट बसला नाही तर बाकी सगळे व्यायाम फुकट जातात.

सरांच्या क्लिनिकमध्ये स्प्लिंट बाहेरून येत असे. तो बनवणारा कारागीर ठरलेल्या वारीच यायचा, माप घ्यायचा आणि पुढच्या फेरीला तयार स्प्लिंट आणायचा. काम वाईट नव्हते. अडचण अशी की हात दर आठवड्याला बदलतो. सूज उतरली की कालचा घट्ट स्प्लिंट आज सैल होतो, मनगट आत सरकते आणि जो कोन राखायचा तोच जातो. माझ्या स्प्लिंटची कड अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात रुतत होती. मी ती दाखवली, तेव्हा तिथल्या तरुण थेरपिस्टने अत्यंत सौजन्याने कापसाची घडी आत बसवली आणि "काका, कारागीर आला की घासून देईल," असे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुसरा तरुण होता. त्याने कापूस काढला, कारण त्याच्या मते कापसाने कोन बदलत होता. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. रुतणारी कड मात्र कारागिराची वाट पाहत राहिली. रात्री त्या कडेने झोप मोडली की पट्टा सोडून ठेवण्याचा जो मोह होतो, तो अशा काळात फार महागात पडू शकतो. कारण टेंडनची शिवण सर्वांत कमकुवत असते ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच.

मॅडमच्या खोलीत कोपऱ्यात एक इलेक्ट्रिक पसरट भांडे आहे. त्यात सत्तर अंशांच्या आसपास गरम पाणी असते. पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यातून माझ्या हाताच्या कागदी नमुन्याबरहुकूम कापलेला तुकडा त्यांनी त्या पाण्यात सोडला. मिनिटभरात तो भिजलेल्या चामड्यासारखा लोळू लागला. टॉवेलवर टिपून, स्वतःच्या मनगटावर टेकवून ऊन सोसण्याइतके आहे ना हे पाहून, त्यांनी तो माझ्या हाताच्या पाठीवर पसरला आणि दोन्ही तळव्यांनी धरून ठेवला. बोलणे बंद. तो घट्ट होईपर्यंत त्यांचे लक्ष फक्त माझ्या मनगटाच्या कोनाकडे होते. मग बेचक्याकडची कड पुन्हा बोटभर पाण्यात बुडवून त्यांनी ती बाहेरच्या अंगाला वळवली, जशी शिवणकामात काठाला दुमड घालतात. "अजून सूज उतरणार आहे, चार दिवसांनी या, परत बसवून देते," त्या म्हणाल्या. त्याच पत्र्याला पुन्हा ऊब देऊन नवा आकार देता येतो, आणि ज्या हाताने माझ्या बोटाचा कोन मोजला त्याच हाताने स्प्लिंट दुरुस्त होतो, हे पाहिल्यावर माझ्या मनातली तुलना जवळजवळ तिथेच संपली होती.

मोजण्याचेही सांगायला हवे. सरांकडे प्रगती "छान आहे, वाढतंय" अशी सांगितली जाई, आणि ती खरीही असेल. मॅडम बोटांसाठीचा छोटा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचे साधन) प्रत्येक सांध्यावर ठेवून अंश लिहितात आणि तिन्ही सांध्यांची बेरीज मांडतात. निरोगी बोटाची ही बेरीज साधारण 260 अंश धरली जाते. आकडा पुढे सरकला नाही, तर व्यायाम बदलतात, कधी सर्जनला फोन करतात. मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस असल्यामुळे मला वहीचा मोह पडला असेल, ही शक्यता वाचकाने लक्षात घ्यावी.

त्यांच्या शाखेचा आणखी एक गुण सोलापूरला विशेष मानवणारा आहे. त्या कामाबद्दल विचारतात. मला वाटत होते, करंगळी आणि अनामिका गेली तरी लिहायला तीन बोटे पुरतात. त्यांनी पहिला प्रश्न केला तो, "काका, गाडी चालवता का? पिशवी कोणत्या हातात धरता?" मुठीची पकड बरीचशी याच दोन बोटांवर असते, हे मला तेव्हा समजले. माझ्या शेजारी कुंभारीच्या घरकुलातून येणाऱ्या एक विडी कामगार बाई बसत. त्यांना अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखण्याचा त्रास होता. मॅडमनी त्यांना सूप, पाने आणि कात्री घेऊन बोलावले, त्या विडी कशी वळतात ते बारा-पंधरा मिनिटे नुसते पाहिले, आणि अंगठ्याचे टोक मोकळे राहील असा आखूड स्प्लिंट करून दिला. नाहीतर त्या बाईंनी तो दारातच काढून ठेवला असता. यंत्रमागावर बोट चिरडलेला एक तरुण होता, त्याला रबराचे चेंडू दाबायला न लावता ताण्याचे (मागावरच्या उभ्या सुताचे) तुटलेले धागे गाठीने जोडायला बसवले होते. मालक परत कामावर घेणार तो त्या गाठीवरून, चेंडूवरून नाही. औद्योगिक वसाहतीत आणि पूर्व भागात ज्यांचे हात रोज यंत्राजवळ जातात, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये.

तरीही सरांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. घरातल्या वयस्कर माणसाचे मनगटाचे हाड मोडून प्लास्टर निघाले असेल, खांदा धरला असेल, मानेतून हाताला मुंग्या येत असतील, तर मी आजही सरांकडेच जाईन. मनगट, कोपर, खांदा आणि मान ही साखळी ते जितकी चटकन वाचतात तितकी मॅडम वाचतील असे मला वाटत नाही. सरांचे क्लिनिक संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असते आणि सर नसले तरी बंद पडत नाही. मॅडम एकट्या. त्या गावाला गेल्या की दाराला कुलूप, आणि वेळ मिळवायला आधी फोन करावा लागतो. शिवाय व्यायाम चुकवले की त्या सर्वांदेखत रागावतात. काहींना ते आवडत नाही. पैशांत दोघांत मोठा फरक मला आढळला नाही. पहिल्या भेटीत स्प्लिंटचा खर्च एकदम येतो म्हणून मॅडम महाग वाटतात, एवढेच.

पुण्याचा पर्याय अनेक जण सुचवतात. तिथे हाताच्या सर्जनजवळच हाताचे थेरपिस्ट बसतात, हा मोठा फायदा आहे, आणि गुंतागुंतीच्या दुखापतीत, म्हणजे नस, हाड आणि टेंडन एकत्र गेले असतील तेव्हा, निदान पहिली आखणी तिथून करून आणणे शहाणपणाचे ठरेल. पण हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जायचे आणि रात्री परतायचे, हे सुजलेला हात उंच धरून आठवड्यातून दोनदा कोण करणार? सूज उतरेल तसा स्प्लिंट बदलायचा, तर बदलणारा माणूस गावातच हवा.

माझे बोट आज पूर्ण मिटत नाही. करंगळीचे टोक तळहातापासून थोडे दूर राहते. सरांकडेच राहिलो असतो तर ते किती दूर राहिले असते, हे सांगता येत नाही, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याचे श्रेय यातून वजा करणेही अन्यायाचे होईल. टेंडन, नस, भाजलेला किंवा यंत्रात चिरडलेला हात असेल, तर मात्र मी मॅडमकडे पाठवतो. ज्यांना आणखी कोणी तिसरे थेरपिस्ट जवळ असतील, त्यांनी आत शिरताच दोन गोष्टी विचाराव्यात: स्प्लिंट इथेच आणि तुम्हीच करता का, आणि दर वेळी मला तुम्हीच पाहणार का. सोबत डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटची झेरॉक्स न्यावी. कोणते टेंडन, कोणत्या भागात आणि किती पदरी शिवण घालून जोडले, हे त्यात असते, आणि बोट स्वतःच्या बळाने कधी वाकवू द्यायचे हे त्यावरूनच ठरते. मॅडमनी ती पहिल्या भेटीतच मागितली होती. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून ती मिळायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून डिस्चार्जच्याच दिवशी अर्ज देऊन ठेवावा.