कॉलेज रोडचं फॉर्म सेंटर: नावात पक्कं, मार्कशीटमध्ये कच्चं

परदेशी विद्यार्थ्यांचे, त्यातही सोमाली मुलांचे कागद करून देणारं हे दोन टेबलांचं दुकान. या मुलांची फाइल उघडली की जन्म मोगादिशूचा, शाळा नैरोबीच्या ईस्टलीतली, पुढचं शिक्षण कैरोत आणि डिग्रीला नाशिक, असा प्रवास दिसतो. प्रत्येक देशानं नाव मात्र आपापल्या कानानं लिहिलेलं.

इथंच हा काउंटर उजवा ठरतो. आपल्यासारखंच त्यांचंही नाव तीन भागांचं, पण तिसरं आडनाव नसतं, आजोबांचं नाव असतं. ते आडनावाच्या रकान्यात टाकलं की वडिलांचं ‘आडनाव’ वेगळं निघतं आणि पडताळणीत शंका येते. आईचं तर जुळतच नाही, कारण लग्नानंतर तिथं बाईचं नाव बदलत नाही. स्पेलिंगचाही घोळ. १९७२ साली सोमाली भाषेला रोमन लिपी मिळाली. तीत ‘एक्स’ म्हणजे घशातला ह आणि ‘सी’ म्हणजे अरबीतलं ‘ऐन’ हे अक्षर. त्यामुळे केनियाच्या दाखल्यात ‘ए’नं सुरू होणारा अब्दी सोमाली कागदावर ‘सी’नं सुरू होतो. इथला माणूस आधी पासपोर्ट उघडून अक्षर न् अक्षर तसंच टाइप करतो. बाकी कागदांसाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला लावतो. बरोबर पद्धत हीच.

अरबी मार्कशीट मात्र इथं देऊ नका. विषयांची नावं ढोबळ लिहितात, शिक्क्यातला मजकूर सोडून देतात आणि समकक्षता प्रमाणपत्राचा, म्हणजे बाहेरचं शिक्षण इथल्या बरोबरीचं असल्याच्या दाखल्याचा, अर्ज तिथंच अडकतो. भाषांतर बाहेरून करून आणा.

विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची, ऑनलाइन नोंदणी करायची असते. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं बोनाफाइड आणि राहण्याचा पुरावा लागतो. गाडी अडते ती शेवटच्या कागदावर. भाडेकरार केला की झालं, असं घरमालकांना वाटतं. परदेशी माणूस राहायला आल्याचं कळवणारा फॉर्म (२०२५पर्यंत ‘फॉर्म सी’, आता ‘फॉर्म तीन’) त्यांनीच २४ तासांत भरायचा असतो, हे गावीही नसतं. सेंटरवाला त्यांना स्वतः फोन लावतो. हे काम बोर्डावर लिहिलेलं नाही, पण सगळ्यात मोलाचं तेच.

स्कॅन धूसर येतात, अपलोड करण्याआधी स्क्रीनवर मोठे करून बघा. दरपत्रक लावलेलं नाही, आधी विचारून घ्या. दुपारी दोन ते चार शटर खाली.