ओआरएसची पुडी: २०.५ ग्रॅम पावडरीचं परीक्षण

जुलाब झाल्यावर घेण्याच्या उत्पादनांत ओआरएसची पुडी, म्हणजे जलसंजीवनी, दिसायला सगळ्यांत साधी. आत तीन क्षार आणि एक साखर. पण ही पावडर लहान आतड्याच्या पेशीपटलावरच्या एका ठरावीक वाहक प्रथिनाला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली आहे. ते प्रथिन कसं चालतं हे कळलं की कोणती पुडी चांगली, कोणती फक्त नावाची, आणि पावडर पाण्यात घोळवताना नेमकं काय बिघडतं, हे आपोआप कळत जातं. स्वाद आणि पाकिटावरची चित्रं यांवरून मात्र काहीच ठरवता येत नाही.

आधी पाकिटाची मागची बाजू वाचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून शिफारस केलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम असतं. बेरीज २०.५ ग्रॅम. द्रावणात याचं सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २० आणि सायट्रेट १० मिलीमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) होतं. एकूण ऑस्मोलॅरिटी, म्हणजे लिटरभर द्रावणात विरघळलेल्या सगळ्या कणांची बेरीज, २४५. पुडीचं वजन यापेक्षा थोडं जास्त दिसलं तर लगेच शंका घेऊ नका. ग्लुकोज मोनोहायड्रेट (रेणूसोबत पाणी बांधलेलं ग्लुकोज) वापरलं असेल तर तेवढ्याच ग्लुकोजसाठी १४.८५ ग्रॅम लागतं, शिवाय स्वादाच्या पावडरीचंही वजन असतं. वजनापेक्षा 'प्रति लिटर मिलीमोल' या ओळी महत्त्वाच्या. त्या ओळीच छापलेल्या नसतील तर ती पुडी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही ७५ का, याचं उत्तर आतड्याच्या पेशीत आहे. पेशीपटल मेदाचं असतं. त्यातून सोडियमचा आयन किंवा ग्लुकोजचा रेणू सहज आरपार जात नाही. आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन पटलात रुतलेलं असतं. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज त्याच्या खोबणीत बसले की त्याचा आकार बदलतो, बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते आणि तिघेही पेशीत उतरतात. सोडियम नसेल तर ग्लुकोज नीट धरलं जात नाही, आणि ग्लुकोज नसेल तर या वाटेने सोडियम आत शिरत नाही. नुसतं मिठाचं पाणी किंवा नुसतं साखरेचं पाणी का पुरत नाही, ते इथे कळतं.

हे वाहक स्वतः एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) खर्च करत नाही. त्याला लागणारा जोर येतो पेशीच्या दुसऱ्या, रक्ताकडच्या बाजूने. तिथे सोडियम-पोटॅशियम एटीपीएज बसलेलं असतं. हे एन्झाइमही आहे आणि पंपही: एका एटीपीचं विघटन करून ते तीन सोडियम बाहेर ढकलतं आणि दोन पोटॅशियम आत घेतं. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं, आणि पोकळीतलं सोडियम उतारावरच्या पाण्यासारखं आत ओढलं जातं. जाताना ग्लुकोजलाही नेतं. आत आलेलं ग्लुकोज मागच्या बाजूच्या ग्लूट-२ या वाहकातून रक्तात उतरतं. सोडियम आणि ग्लुकोज पलीकडे गेले की त्यांच्यामागोमाग परासरणाने पाणी जातं. प्यायलेलं पाणी अंगी लागतं ते असं.

या पंपाचा शोध डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये लावला; त्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात ही कल्पना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे मांडली. आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं द्रावण मोठ्या प्रमाणावर पाजून असंख्य जीव वाचवले. प्रयोगशाळेतली एवढी बारीक गोष्ट इतक्या थेट माणसांच्या कामी आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

कॉलऱ्यात हे उत्पादन चालतं, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. कॉलऱ्याचं विष पेशीतलं सीएएमपी हे निरोप पोचवणारं रसायन वाढवतं. त्याने क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात, क्लोराइड पोकळीत वाहत राहतं आणि मागून सोडियम व पाणी. नेहमीच्या वाटेने होणारं मिठाचं शोषणही मंदावतं. पण एसजीएलटी-१ ला हे विष धक्का लावत नाही. गळती चालू असतानाही भरणा करता येतो. म्हणूनच एक अपेक्षा ठेवू नये: ओआरएस जुलाब थांबवण्याचं औषध नाही. चार तास पाजूनही जुलाब होतच आहेत म्हणून पुडी कुचकामी ठरवणं चूक आहे. लघवी होते आहे का, तोंड ओलं आहे का, मूल तरतरीत झालं का, हे बघायचं.

जुन्या सूत्रात सोडियम ९०, ग्लुकोज १११ आणि एकूण ऑस्मोलॅरिटी ३११ होती. नव्या, पातळ सूत्रावर झालेल्या चाचण्यांत मुलांना सलाइन लावण्याची वेळ सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आली, उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी आणि शौचाचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं. कारण सरळ आहे: द्रावण रक्तापेक्षा पातळ असलं की पाणी पोकळीतून रक्ताकडे जातं, दाट असलं की उलट. ओआरएससाठीची जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाणित कसोटीही हेच पाहते (आकडे लिटरला मिलीमोलमध्ये): ऑस्मोलॅरिटी २०० ते ३१०, सोडियम ६० ते ९०, ग्लुकोज सोडियमइतकं तरी हवं पण १११ च्या वर नको, पोटॅशियम १५ ते २५, सायट्रेट ८ ते १२, क्लोराइड ५० ते ८०. वाहकाला दोन सोडियममागे एक ग्लुकोज लागतं, मग पुडीत दोन्ही सारखे कसे? शरीरातून झिरपलेलं सोडियम आतड्यात आधीच असतं, तूट तिथून भरते.

या कसोटीवर ओआरएससारखी दिसणारी बरीच तयार पेयं नापास होतात. खेळाडूंच्या पेयात सोडियम साधारण २० मिलीमोल आणि साखर लिटरला ६० ग्रॅमच्या आसपास असते. कोलासारख्या पेयात साखर १०० ग्रॅमच्या घरात आणि सोडियम नावापुरतं. शिवाय ही साखर बहुधा सुक्रोज, म्हणजे घरातली साधी साखर, असते. आतड्याच्या पेशींच्या टोकावरचं सुक्रेज हे एन्झाइम सुक्रोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. म्हणजे पोकळीतल्या रेणूंची संख्या दुप्पट होते आणि पाणी आतड्यातच ओढलं जातं. त्यातलं फ्रुक्टोज ग्लूट-५ मधून जातं, आणि त्या वाहकाला सोडियमशी देणंघेणं नाही. संसर्गात पेशींची टोकं झिजली की सुक्रेजही कमी पडतं. पुडीत साध्या साखरेऐवजी ग्लुकोज घातलेलं असतं ते यासाठी.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालतं. पण त्यात पोटॅशियम आणि सायट्रेट नाही, आणि मिठाचा चमचा शीगोशीग भरला की बेत फसतो. ही तात्पुरती सोय समजावी.

बहुतेक बिघाड घोळवताना होतो. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली की सोडियम १५० आणि ऑस्मोलॅरिटी ४९० होते. जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. दोन लिटरमध्ये घातली तर सोडियम ३७ वर येतं आणि गेलेला क्षार भरून निघत नाही. मोठ्या पुडीतून चमच्याने थोडी पावडर काढून पेलाभर पाण्यात घालू नये, कारण वेगवेगळ्या जाडीचे कण खालीवर बसलेले असतात आणि प्रत्येक चमच्यातलं प्रमाण वेगळं निघतं. पेलाभरच हवं असेल तर २०० मिलीलिटरची छोटी पुडी मिळते, ती पूर्ण रिकामी करावी.

पाणी आधी उकळून गार करावं, मग पावडर घालावी. घोळवल्यावर पुन्हा उकळलं तर पाणी उडून द्रावण दाट होतं. वरून साखर, दूध, फळांचा रस काहीही घालू नये. चव अश्रूंइतकी खारट हवी, त्याहून खारट लागलं तर ओतून द्यावं आणि नवं करावं. झाकून ठेवलेलं द्रावण २४ तासांत संपवावं.

साठवणुकीच्या बाबतीत सायट्रेटची पुडी जुन्या बायकार्बोनेटच्या (म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या) पुडीपेक्षा कितीतरी सरस आहे. बायकार्बोनेट दमट हवेत ग्लुकोजवर परिणाम करून पावडर तपकिरी करायचं. सायट्रेट टिकतं, आणि जुलाबात वाढलेली रक्ताची आम्लताही कमी करतं. पावडर तपकिरी किंवा ओलसर झाली असेल तर टाकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलीलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलीलिटर, त्यापुढे मागेल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असं सावकाश पाजावं. घटाघट पाजलं की पोट ताणून परत उलटी होते. स्तनपान चालू ठेवावं. झिंक या पुडीत नसतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळं द्यावं लागतं.

या पुडीची एक मर्यादा फार थोड्यांना माहीत असते. एसजीएलटी-१ च्या जनुकातच दोष घेऊन जन्मलेली मुलं असतात. त्यांना ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज (दुधातल्या साखरेचा एक घटक) शोषता येत नाही. जन्मल्यापासून दुधानेही जुलाब होतात आणि ओआरएसने ते आणखी वाढतात, कारण आत नेणारं प्रथिनच नसतं. नवजात बाळाचे जुलाब ओआरएस दिल्यावर वाढत असतील तर मात्रा वाढवत बसू नका, ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बेशुद्ध किंवा गिळू न शकणाऱ्या रुग्णाला, पोट फुगून आतडी थांबलेली असताना, किंवा हातपाय गार पडून नाडी लागेनाशी झाली असताना तोंडाने पाजत वेळ घालवू नये. तिथे सलाइनच लागतं.