सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट: भूगोलाच्या पहिल्या तासाला हेच आणा

भूगोलाचं साहित्य घ्यायचं म्हटलं की शाळा आधी पृथ्वीगोल घेते. माझं मत वेगळं आहे. आधी आपल्या तालुक्याचं टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते, वस्त्या बारकाईने दाखवणारा सरकारी नकाशा, घ्या, पृथ्वीगोल त्यानंतर. मी वाई तालुक्यात सहावीला भूगोल शिकवते आणि माझ्या वर्गात सगळ्यात जास्त हाताळला गेलेला कागद म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा संस्थेचा ४७ जी/१३ क्रमांकाचा नकाशा. वाई, पाचगणी, मेणवली, धोम धरणाचं पाणी, पांडवगड, सगळं त्यात आहे.

प्रमाण १:५०,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. एका शीटमध्ये पंधरा मिनिटं (म्हणजे पाव अंश) अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश मावतात, आपल्याकडे हा साधारण सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा चौकोन होतो. शाळेतल्या तीस सेंटिमीटरच्या पृथ्वीगोलावर अख्खा महाराष्ट्र जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असतो. अकरा वर्षांच्या मुलाला त्यात स्वतःचं काहीच सापडत नाही. टोपोशीटवर त्याला गावाबाहेरचा ओढा सापडतो.

भूगोलाची पाच सूत्रं अमेरिकेत १९८४ साली मांडली गेली: स्थान, त्या ठिकाणाचं वेगळेपण, माणूस आणि परिसर यांचं नातं, ये-जा आणि प्रदेश. मुलांना ही नावं मी सुरुवातीला सांगतच नाही. नकाशा फरशीवर पसरते आणि प्रश्न विचारते. स्थानाला फार वेळ लागत नाही. कडेचे आकडे वाचून वाई १७ अंश ५७ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ५३ मिनिटं पूर्वेच्या आसपास आहे, हे मुलं स्वतः काढतात.

खरी गंमत तपकिरी रेषांत आहे. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, ही व्याख्या पाठ करून कुणालाही डोंगर दिसत नाही. या नकाशावर दर वीस मीटरला एक रेषा आहे. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या आसपास, म्हणजे मधे तीसेक रेषा ओलांडाव्या लागतात. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाच्या रस्त्यावर मी मुलांना दोरा ठेवायला लावते. रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे रस्ता सरळ न चढता त्यांच्या बाजूबाजूने जातो आणि मग वळण घेतो. दोरा सरळ करून मोजला की रस्ता लांब का पडला हे मुलंच सांगतात. घाटात एसटी का वळते, याचं उत्तर हातात आलं की ये-जा हे सूत्र वेगळं शिकवावं लागत नाही.

पाचगणीच्या टेबललँड या पठारावर तर वर्ग थांबतोच. कडेला रेषांची दाटी आणि आत एकदम मोकळा कागद. सहलीला गेलेली मुलं लगेच ओळखतात की हा सपाट माथा. मग जांभ्या कातळाची गोष्ट निघते. खाली बसाल्ट हा काळा खडक आणि वर जांभ्याचं टोपण, म्हणून माथा सपाट राहिला आणि कडे तुटले. ठिकाणाचं वेगळेपण यापेक्षा चांगलं कसं दाखवणार, मला ठाऊक नाही.

रंगांकडेही लक्ष द्या. पिवळं ते शेत, हिरवं ते जंगल, लाल ती वस्ती. बारमाही पाणी निळं, पण उन्हाळ्यात आटणारे ओढे काळ्या रेघांनी काढलेले असतात. ‘बाई, आमचा ओढा काळा का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यावरच पावसाचा पाठ उभा राहतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. वर स्ट्रॉबेरी, खाली ऊस आणि हळद. प्रदेश म्हणजे काय, हे असं जवळून कळलं पाहिजे.

धोमच्या निळ्या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. धरण १९७० च्या दशकातलं. त्या पाण्याखाली लोकांची घरं आणि जमिनी आहेत, आणि त्याच पाण्याच्या कालव्यावर खाली कोरेगावकडची शेतं भिजतात. वर्गातल्या काही मुलांचे आजी-आजोबा त्या उठलेल्या गावांतले आहेत. घरी विचारून या म्हटलं की मुलं जे ऐकून येतात ते पाठ्यपुस्तकात कुठेच नसतं. माणूस आणि परिसर यांचं नातं मला तरी तिथेच शिकवावंसं वाटतं.

आता उणिवा. नावं इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमाच्या सहावीच्या मुलांसाठी ही मोठी अडचण आहे आणि ती दूर व्हायलाच हवी. तोवर मी ट्रेसिंग पेपरवर देवनागरी नावं लिहून वर ठेवते. समासात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं ते आधी वाचा, कारण त्यानंतरच्या इमारती आणि रस्ते नकाशात नसतात. आणि कृष्णेचा उगम या शीटवर नाही, तो शेजारच्या ४७ जी/९ वर. मुलं बोट नदीवरून उलट नेत कागदाच्या काठाशी अडकतात, म्हणून दोन्ही शीट घ्या.

मोबाईलवरचा नकाशा पुरे, असं काही पालक म्हणतात. उपग्रहाचं चित्र सुंदर असतं, पण बोटांनी मोठं-लहान केलं की प्रमाण बदलतं आणि मुलाला अंतराचा अंदाज येत नाही. कागदावर पट्टी ठेवता येते.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफ मिळते. नव्या मालिकेत क्रमांकाची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे जुना आकडा टाकण्यापेक्षा निर्देशक नकाशावर (कोणता भाग कोणत्या शीटमध्ये येतो हे दाखवणारा नकाशा) आपलं गाव शोधा. छपाई प्लॉटरवर, म्हणजे मोठे कागद छापणाऱ्या यंत्रावर, ए-वन मापाच्या कागदावर आणि शंभर टक्के आकारातच करून घ्या. दुकानदार कागदाच्या मापात बसवून देतो आणि दोन सेंटिमीटरचा किलोमीटर बिघडतो, तेव्हा पैसे देण्याआधी खालच्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी लावून बघा. लॅमिनेशन टाळा, त्यावर पेन्सिल चालत नाही.